टिकली लावलेले डबे

आत्या, तू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पावडरचा एक डबा विकत आणला. तुझ्याच कंपनीचा, तोच गुलाबी झाकणाचा. डब्यामागची मुदतीची तारीख वाचून घेतला, ती सवय सुटत नाही. घरी येऊन झाकण फिरवलं, तळहातावर थोडी पावडर ओतली आणि नाकाजवळ नेली. वास चांगला होता, गुलाबाचा होता, पण तुझा नव्हता. मी आणखी थोडी ओतली, जणू डब्याच्या तळाशी तू सापडशील. मग लक्षात आलं की मला माहीत असलेला तुझा वास ताज्या पावडरचा कधी नव्हताच. तो मुदत उलटलेल्या पावडरचा होता. गुलाब बहुतेक उडून गेलेला, मागे खडूसारखं काहीतरी कोरडं उरलेलं, आणि त्यात जुन्या खोबरेल तेलाची झाक. ज्या मालाविरुद्ध मी पत्रक काढलं, त्याच मालाच्या वासात मी लहानाची मोठी झाले.

हे ऐकून तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू येतं. "बघ की मुक्ते. आता कुटनं आनतीस माझा वास?"

आपल्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. दादा, तुझा भाऊ आणि माझे वडील, विडी कामगारांच्या सभांची पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, आणि आपण तिघी, आई, तू आणि मी, जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. माझा 'क' कमळाचा नव्हता, कामगाराचा होता. उरलेली पत्रकं तू दुकानात न्यायचीस आणि त्यात बांगड्या गुंडाळून द्यायचीस. दादा चिडायचे. तू म्हणायचीस, "तुझं वाचतंय कोन ते मला म्हाईत न्हाय. पन आजपतुर एक बांगडी फुटली न्हाय." दादांना हसू यायचं आणि ते लपवायला ते चष्मा पुसायचे. हल्ली ते चष्मा सारखा पुसतात.

तुझं दुकान आठवलं की मला आधी ती बादली आठवते. शहराच्या पूर्व भागातली आपली गल्ली, पुढे कटलरीचं दुकान, मागे तुझी खोली. पावडर, काजळ, टिकल्या, पिना, नेलपॉलिश, शांपूच्या पुड्या. संध्याकाळी कारखान्यात विड्या देऊन बायका परतायच्या तेव्हा त्यांच्या हातांना, केसांना, पदरालाही तंबाखूचा वास असायचा. तू दाराशी बादली आणि साबण ठेवायचीस. "आदी हात धू, मग काचंला हात लाव." हात धुतले की गल्ल्यावरचा उघडा डबा पुढे करायचीस, तो विकायचा नव्हता, सगळ्यांचा होता. मानेवर, गळ्यावर पावडर लावून बायका घरी जायच्या. "नवऱ्याला कळू दे," तू म्हणायचीस, "घरात बाई आलीया, कारखाना न्हाय." गल्लीची तू आक्का, स्वतः नवरा सोडून आलेली, आणि तरी रोज कपाळाला मरून रंगाची टिकली लावणारी. कुणी विचारलं तर म्हणायचीस, "टिकली माझ्या दुकानातली हाय, त्याच्या न्हाय."

मी कॉलेजात असताना गल्लीतल्या लक्ष्मीअक्काच्या मुलीचे डोळे सुजले. बाजारातल्या कुठल्याशा हातगाडीवरून घेतलेलं काजळ, डबीवरची तारीख खरवडलेली. तेव्हा मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. 'तारीख वाचा.' ट्यूबच्या शेपटीवर दाबून उठवलेले आकडे, डब्याच्या तळाला पुसट शाईत, पुडीच्या शिवणीत दडलेले. काही वस्तूंवर नुसती बनवल्याची तारीख, आणि पुढे 'इतक्या महिन्यांच्या आत वापरावे', म्हणजे हिशोब गिऱ्हाइकानं करायचा. मी लिहिलं होतं की अक्षर एवढं बारीक ठेवतात ते वाचलं जाऊ नये म्हणूनच. हे वाक्य मी आजही मागे घेणार नाही. पहिली प्रत तुझ्याच दुकानाच्या काचेवर चिकटवली. तू चष्मा वर-खाली करून सगळं वाचलंस.

"चांगलं लिवलंयस. पन कुनाच्या दारात लावायचं त्ये लिवलं न्हाईस."

"म्हणजे?"

"कंपनीचा एजन्सीवाला माल देताना आक्का आक्का करतोय. तारीख उलटली की वळखत न्हाय. परत घेत न्हाय. तू म्हंतीस इकायचा बी न्हाय. मग त्यो जायाचा कुटं?"

"कंपनीनं परत घ्यायला पाहिजे."

"मग कंपनीच्या काचंवर लाव की. माझ्याच काचंवर कशाला?"

मला राग आला. मला वाटलं, तू कंपनीची बाजू घेतेस. तू मात्र ते पत्रक काढलं नाहीस. उन्हानं ते पिवळं पडलं, कोपरे सुटले, तू पुन्हा पुन्हा चिकटवलंस. आणि त्या वर्षी दसऱ्याची साफसफाई करताना तू मला बोलावलंस. तुला ते आकडे दिसत नव्हते. मी एकेक डबा उन्हाकडे धरून तारीख वाचायची आणि जो उलटला असेल त्यावर तू एक टिकली लावायचीस, तू स्वतः लावायचीस तीच, मरून, गोल. टिकली म्हणजे विकायचं नाही. ही खूण आपल्या दोघींची. त्यानंतर दर दसऱ्याला आपण तशाच बसायचो, मी वाचायची आणि तू लावायचीस. एकदा मी थट्टेनं विचारलं, "टिकलीवर का नसते गं तारीख?" तू म्हणालीस, "गोंद वाळला की पडती की. तीच तारीख."

टिकली लावलेला माल जायचा कुठं, हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. पाणी प्यायला मागच्या खोलीत गेले, तर तुझ्या फळीवर तेच डबे. पावडर, क्रीम, दातांची पेस्ट, केसांचं तेल, साबण. सगळ्यांच्या कपाळाला टिकली, जणू बायका रांगेत बसल्या आहेत.

"आत्या, हे तू वापरतेस?"

"इकू नगं म्हनलीस. वापरू नगं कुटं म्हनलीस?"

"अगं, पत्रक सगळ्यांसाठी आहे."

"मी गिऱ्हाईक न्हाय."

ह्या तुझ्या एका वाक्याशी मी पुढची सगळी वर्षं भांडत राहिले. मी म्हणायची, जे दुसऱ्या बाईला द्यायच्या लायकीचं नाही ते तू स्वतःला देतेस आणि त्याला काटकसर म्हणतेस, मी त्याला अन्याय म्हणते. तू म्हणायचीस, "लई मोठा शब्द काढलास. आंगाला लावायची पावडर हाय ती." मी दिवाळीला तुझ्यासाठी मुद्दाम ताजा डबा आणायची, तू तो कौतुकानं घ्यायचीस आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेत लावायचीस. विकलाही जायचा. मी चिडले की म्हणायचीस, "तूच म्हंतीस लोकास्नी ताजा माल द्यावा म्हनून."

एकच गोष्ट तू कधी वापरली नाहीस आणि कुणाला वापरू दिली नाहीस, ती म्हणजे उलटलेलं काजळ. त्याच्यावर टिकलीसुद्धा लावायची नाहीस, सरळ चुलीच्या राखेत टाकायचीस. "डोळा हाय त्यो. त्येला न्हाय चालत." म्हणजे तुला कळत होतं. कुठं धोका आहे आणि कुठं फक्त वास उडतो, हे तू तुझ्या परीनं ठरवलं होतंस. पण धोका असो नसो, उलटलेलं तुझ्याच वाट्याला का, ह्याचं उत्तर तू दिलं नाहीस. मी अजून विचारते आहे.

दवाखान्यात तू मला तुझा डबा आणायला सांगितलंस. हृदयाचं दुखणं, डॉक्टरांचा चेहरा बोलून गेलेला, आणि तुला पावडर हवी होती. "हितं समद्या खोलीला औशिदाचा वास मारतोय. माझा डबा आन." मी तुझ्या खोलीत फळीसमोर उभी राहिले. दुकानात काचेमागे ताजे डबे होते, इथं टिकलीवाले. मी टिकलीवाला उचलला. परत येऊन तुझ्या मानेला लावला, पदर सारखा केला. तू डोळे मिटलेस, मोठा श्वास घेतलास आणि म्हणालीस, "हारलीस."

"हरले नाही," मी म्हणाले. "आज सुट्टी आहे."

तू हसलीस. आपल्यात झालेलं हे शेवटचं नीट बोलणं. त्यानंतर तू बोललीस ती डॉक्टरांशी, नळ्यांशी, आणि मला न दिसणाऱ्या कुणाशी तरी. तू गेल्यावर वॉर्डातल्या मावशींनी चादर बदलताना तो चेपलेला डबा कचऱ्यात टाकला. मी शोधायला गेले तेव्हा कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

म्हणून मी नवा डबा आणला होता. तो तुझा नाही हे कळल्यावर मी ठरवलं, तुझ्या फळीवरचा एक डबा स्वतःसाठी घ्यायचा. वापरणार नव्हते, नुसता ठेवणार होते. पण किल्ली आईकडे होती आणि तेराव्यापर्यंत दुकान उघडायचं नाही असं ठरलं होतं. मी वाट बघितली.

तेराव्याला दादांनी मला पत्रावळी आणायला पाठवलं. परत आले तर तुझ्या खोलीत गल्लीतल्या बायका बसल्या होत्या आणि आई एकेकीला हळदकुंकू लावून हातात एकेक वस्तू ठेवत होती. आईच्या चेहऱ्यावर समाधान होतं, असं तिच्या चेहऱ्यावर मी तू गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मला बघून ती हळूच म्हणाली, "आक्कानं लक्ष्मीपूजनाला पुजलेला माल बाजूला ठिवला हुता बघ. परत्येकाला टिकली लावलीया. दुकानातला कशाला द्यायचा, म्हनलं ह्योच मानाचा हाय. घरोघर आठवन ऱ्हाईल तिची."

दुकानदार लक्ष्मीपूजनाला मालाला कुंकू लावतात. तूही गल्ल्याला लावायचीस. आईला दुसरं काय वाटणार होतं? आपली खूण आपण कुणाला सांगितलीच नव्हती. फळी रिकामी होती. शेजारची शबानाभाभी बाळाच्या तेलाची बाटली डोळ्यांना लावून पदरात ठेवत होती आणि तिचं बाळ मांडीवर झोपलं होतं.

तिथं, त्या भरल्या खोलीत, तुझ्या फोटोसमोर मी काय म्हणायला हवं होतं? म्हणाले असते, तर गल्लीनं ऐकलं असतं की आक्काच्या घरी मुदत संपलेला माल होता. ज्या बाईनं आयुष्यभर तसला डबा गल्ल्यावर येऊ दिला नाही तिच्या नावावर, तेराव्याच्या दिवशी, तिच्याच भाचीनं हे चिकटवलं असतं. आणि गप्प राहिले तर उद्या ते तेल बाळाच्या अंगाला लागणार होतं. पानं उठल्यावर मी आईला मोरीपाशी नेलं आणि सांगितलं.

आईनं हातातला तांब्या खाली ठेवला. "तेराव्याचं दिल्यालं परत मागत न्हाईत गं," ती म्हणाली. "आक्काच्या नावानं दिलंय मी." दादा मागे उभे होते हे आम्हाला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "पत्रक वाटायला दारोदार जातेस ना. तशीच जा. फरक एवढाच, ह्या वेळी द्यायचं नाही, आणायचं."

आधी शबानाभाभीकडे गेले. तिनं ऐकून घेतलं आणि बाटली घट्ट धरली. "आक्का की दी हुई चीज कोई वापस लेता क्या? नक्को." मी तारीख दाखवली, बाळाची कातडी, तेल खवट होणं, सगळं सांगितलं. टिकली म्हणजे काय तेही सांगितलं, पहिल्यांदा कुणाला तरी. तिनं टिकलीवरून बोट फिरवलं. "मैं तो पूजा की समझ के आँखां को लगाई," ती म्हणाली, आणि हसताना तिचे डोळे भरले. मग तिनं नखानं ती टिकली अलगद सोडवली, कपाटाच्या आरशावर चिकटवली आणि बाटली माझ्या हातात दिली. "तेल ले जा. टिकली मेरेकु छोड."

लक्ष्मीअक्कानं तोच प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "म्हणजे आक्का असला माल ठेवत होती?"

"ठेवत होती. विकत नव्हती. टिकली त्यासाठीच."

ती मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला सारून उठली, आतून क्रीमचा डबा आणला आणि दारातच थांबली. "मी एकदा मागितली होती की," ती म्हणाली. "मागच्या खोलीत बघितला, टिकलीवाला. म्हटलं पुजलेला दिसतो, तोच दे. नाही म्हणली. जास्त देते म्हटलं तरी नाही म्हणली. मी रुसली होती आक्कावर, संक्रांतीला तिळगूळ पण नेला नाही." तिनं तो डबा माझ्या हातात ठेवला. "हे मला सांगायचं ना तिनं. किती वेडी बाई." मग ती स्वतःच माझ्याबरोबर पुढच्या दारांत आली आणि प्रत्येक दारात ही रुसण्याची गोष्ट तिनंच सांगितली. तुझ्या नावाला काही झालं नाही, आत्या. झालं असेल तर उलटंच झालं. तेवढं तुला सांगायचं होतं.

गल्लीच्या टोकाची गोदामावशी मात्र देईना. तिला पावडरचा डबा मिळाला होता, फळीवरचा शेवटचा. मी सगळं बोलले. ती उंबऱ्यात बसून ऐकत होती.

"न्हाय देनार," ती म्हणाली. "आयुष्यभर विड्या वळल्या. आंगाला दुसरा वासच न्हवता मला. आक्कानं पयल्यांदा मानंला पावडर लावली तवा वाटलं, ही कोन बाई आली घरात. न्हाय देनार, जा."

माझ्याकडे उत्तर होतं. मोठ्या माणसाच्या त्वचेलाही अपाय होतो, डब्याला ओल लागली असेल, मी तुला ताजा आणून देते. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात वारा फिरला. तिनं नुकतीच पावडर लावली असणार. तू त्या उंबऱ्यात होतीस. खडू, गुलाबाचा उरलासुरला धागा, जुनं खोबरेल. मला आठवेना मी काय बोलणार होते. मी रिकाम्या हातांनी परत आले.

परत आणलेला सगळा माल पोत्यात भरला आणि एजन्सीच्या ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवला. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, रिटर्नची पॉलिसी नाही." मी म्हणाले, "ते मला माहीत आहे. आक्कानं मला सांगितलंय." पोतं तिथंच सोडलं आणि बाहेर येऊन त्यांच्या काचेवर पत्रक लावलं. नवीन लिहिलंय. ह्या वेळी मथळ्याखाली पहिलंच वाक्य आहे, 'हा माल जायचा कुठं?' वाक्य तुझं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते खरवडलेलं होतं. मी परत लावलं. आता ते खरवडतात आणि मी लावते, आणि त्यांच्या काचेवर गोंदाचा एक चौकोन राहिलाय जो कशानंच निघत नाही.

तुझी खोली मी अजून आवरलेली नाही. मोरीतल्या साबणाच्या पातळ वडीला तुझा एक लांब केस चिकटलेला आहे. तिथल्याच पेस्टच्या ट्यूबवर तुझ्या अंगठ्याचा खड्डा आहे. आरशाच्या कडेला तुझ्या टिकल्या आहेत, रोज रात्री काढून लावलेल्या. तू ठेंगणी होतीस. मी समोर उभी राहिले की तुझी टिकली माझ्या कपाळावर येत नाही, गळ्यावर येते, जिथं तू बायकांना पावडर लावायचीस तिथंच. मी हलले तरी ती हलत नाही. परवा गेले तेव्हा एक खाली पडलेली होती. गोंद वाळला. मी ती उचलली नाही, पण पाऊल जपून टाकलं.

आणि संध्याकाळी, विडीच्या बायका परतायच्या वेळेला, मी गल्लीच्या टोकाला जाते. ताज्या पावडरचा डबा पिशवीत असतो, बदलून द्यायला आणलेला, तारीख वाचून घेतलेला. गोदामावशी उंबऱ्यात बसलेली असते.

"डबा मागाय आलीस व्हय?" ती विचारते.

"नाही मावशी," मी म्हणते. "आज सुट्टी आहे."

आणि तिच्या शेजारी बसते, वारा तिच्यावरून माझ्याकडे येतो त्या बाजूला.